खटल्याशिवाय शिक्षा: मार्गारेट पोलचं प्रकरण

२७ मे १५४१ च्या सकाळी टॉवर ऑफ लंडनमधल्या एका ६७ वर्षांच्या कैद्याला निरोप आला की आजच शिरच्छेद आहे, तयारी करा. आपला गुन्हा कोणता तेच आपल्याला ठाऊक नाही, असं ती बाई म्हणाली. हे नाटक नव्हतं. तिच्यावर खटला कधी उभाच राहिला नव्हता. दिवसदिवस चौकशी झाली होती, पण तिच्या तोंडून गुन्हा ठरेल असं एक वाक्य निघालं नव्हतं.

ती म्हणजे मार्गारेट पोल, सॉल्सबरीची काउंटेस. ट्यूडर काळातल्या शिरच्छेदांची गोष्ट निघाली की सगळं लक्ष आठव्या हेन्रीच्या दुसऱ्या राणीकडे, ॲन बोलीनकडे जातं. मला मात्र हे प्रकरण जास्त शिकण्यासारखं वाटतं. ॲनचे शत्रू कोण होते आणि तिचं कुठे चुकलं हे दाखवता येतं. मार्गारेटने दरबारात टिकून राहण्याचे बहुतेक सगळे नियम पाळले होते.

पार्श्वभूमी

पंधराव्या शतकातलं इंग्लंडचं राजकारण म्हणजे एका घराण्याची भावकी. यॉर्क आणि लँकेस्टर या दोन शाखा तख्तासाठी तीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. मार्गारेट १४७३ मध्ये यॉर्क शाखेत जन्मली. वडील जॉर्ज, क्लॅरेन्सचा ड्यूक. दोन काका: चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड, दोघेही राजे झाले. ती तीन वर्षांची असताना आई गेली. ती चार वर्षांची असताना राजा असलेल्या थोरल्या काकाने तिच्या वडिलांना राजद्रोहाच्या आरोपाखाली टॉवरमध्ये मारवलं.

१४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत धाकटा काका पडला आणि सातवा हेन्री, म्हणजे पहिला ट्यूडर राजा, गादीवर आला. मार्गारेटचा भाऊ एडवर्ड तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचा दोष एकच, यॉर्क घराण्याचा तो शेवटचा पुरुष वारस होता. त्याला टॉवरमध्ये ठेवलं आणि १४९९ मध्ये मारलं. ॲरागॉनची राजकन्या कॅथरिन हिचं इंग्लंडच्या युवराजाशी, आर्थरशी लग्न ठरलं होतं. गादीला दुसरा दावेदार जिवंत असताना मुलगी पाठवायला स्पेनचे राजाराणी कचरत होते, म्हणून एडवर्डचा काटा काढला, असं तेव्हाही बोललं जायचं.

मार्गारेट मुलगी होती, म्हणून वाचली. राजाने तिचं लग्न आपल्या आईच्या नात्यातल्या सर रिचर्ड पोलशी लावून दिलं. माणूस विश्वासू, पण फार मोठ्या घरचा नाही. धोका असा लग्नात बांधून टाकायची ही जुनी रीत. पुढे रिचर्ड युवराज आर्थरच्या दिमतीला लडलोच्या किल्ल्यात गेला आणि मार्गारेट कॅथरिनच्या सेवेत. जिच्या लग्नापायी सख्खा भाऊ गेला, तिचीच ती जवळची मैत्रीण झाली. या मैत्रीवर स्वतंत्र लेख होईल.

आर्थर १५०२ मध्ये गेला. दोन-तीन वर्षांत रिचर्डही गेला. पदरात पाच मुलं आणि हातात पैसा नाही, अशी ही विधवा काही काळ सायनच्या मठात जोगिणींच्या आश्रयाने राहिली. तिसरा मुलगा रेजिनाल्ड तिने चर्चच्या हवाली केला.

१५०९ मध्ये आठवा हेन्री राजा झाला, कॅथरिन त्याची राणी झाली आणि मार्गारेटचे दिवस पालटले. १५१२ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिला सॉल्सबरीची काउंटेस हा किताब आणि तिच्या माहेरची जहागीर परत मिळाली. फुकट नाही, त्यासाठी राजाने ५,००० मार्क घेतले. नवऱ्यामुळे नव्हे, तर स्वतःच्या हक्काने सरदारकी मिळालेली त्या काळातली ती जवळजवळ एकमेव बाई. १५३० च्या दशकापर्यंत ती देशातल्या पाच सर्वात श्रीमंत सरदारांत गणली जाऊ लागली. दक्षिण किनाऱ्यावर वॉर्ब्लिंग्टनला तिने विटांचा टोलेजंग वाडा बांधला. हेन्री आणि कॅथरिनची मुलगी, राजकन्या मेरी, हिची शिक्षिका-पालक म्हणून तिची नेमणूक झाली. रेजिनाल्डच्या शिक्षणाचा खर्च राजा करत होता, आधी ऑक्सफर्डचा, मग इटलीत पादुआचा.

पहिला निर्णय: दागिने

राजाने पोपला न जुमानता कॅथरिनला सोडून १५३३ मध्ये ॲनशी लग्न केलं. मेरीचं राजकन्यापद गेलं आणि तिचे दागिने ताब्यात द्या, असा हुकूम आला. निरोप घेऊन मेरीच्या घरचा कारभारी लॉर्ड हसी आला होता. मार्गारेटने नकार दिला नाही. दागिन्यांची यादी तयार करून दिली, पण चीजवस्तू हातातून सोडायला राजाचं लेखी पत्र मागितलं. कागद मागणं हा तिचा स्वभावच असावा. आयुष्यभर ज्यांचं सगळं एका कायद्याने गेलं आणि दुसऱ्या कायद्याने परत आलं, ती माणसं कागदाला फार मानतात.

वर्षअखेरीस मेरीचं घर मोडलं आणि तिला ॲनच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या घरी पाठवायचं ठरलं. मी माझ्या खर्चाने, माझे नोकर घेऊन मेरीबरोबर राहते, असं मार्गारेट म्हणाली. परवानगी मिळाली नाही.

माझ्या मते तिने स्वतः घेतलेला खरा जोखमीचा निर्णय हा एवढाच. त्यात राजद्रोह नव्हता, पण ती कुठल्या बाजूला उभी आहे ते दिसलं. त्यासाठी राजाने तिला लगेच काही केलं नाही. लक्षात मात्र ठेवलं असणार.

समस्या: मुलाचं पुस्तक

१५३६ च्या मे महिन्यात ॲनचा शिरच्छेद झाला. आता जुने दिवस येतील असं वाटायला लागलं आणि मार्गारेट दरबारात परतलीही. पण नेमक्या त्याच महिन्यात, २७ मे रोजी, रेजिनाल्डने व्हेनिसहून राजाला आपला ग्रंथ रवाना केला. पोपच्या सत्तेविषयी तुझं प्रामाणिक मत कळव, असं राजानेच त्याला विचारलं होतं. उत्तरात शेकडो पानांची झोडपणी आली. राजाने स्वतःला चर्चचा प्रमुख म्हणवणं हे पाप आहे, तो जुलमी आहे, कॅथलिक राजांनी त्याच्याविरुद्ध उठावं, असा सगळा सूर. ज्याच्या पैशावर शिकलो त्यालाच लिहिलेलं हे पत्र. लिहिणारा सुरक्षित अंतरावर होता आणि त्याची आई, भाऊ, पुतणे सगळे राजाच्या हाताशी.

त्या शरदात उत्तर इंग्लंडमध्ये जुन्या कॅथलिक धर्मासाठी हजारो लोक उठले. त्यांच्या निशाणावर ख्रिस्ताच्या पाच जखमा होत्या. डिसेंबरमध्ये पोपने रेजिनाल्डला कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी केलं आणि पुढे त्या उठावाला बळ द्यायला इटलीहून इंग्लंडच्या दिशेने धाडलं. रेजिनाल्ड अजून दीक्षित पाद्री झाला नव्हता, म्हणजे त्याचं लग्न होऊ शकत होतं. मेरी अविवाहित होती. यॉर्कचं रक्त आणि ट्यूडरचं रक्त एकत्र आलं तर काय होईल, हा हिशेब युरोपातल्या दरबारांत उघडपणे मांडला जात होता. मार्गारेटच्या वागण्यावर आता काही अवलंबून उरलं नव्हतं.

समोरचे पर्याय

तिच्यापुढे १५३६ मध्ये काय वाटा होत्या?

पळून जाणं हा एक. वॉर्ब्लिंग्टन समुद्राला लागूनच होतं आणि रात्रीत समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमच्या बाजूला) जहाज धरता आलं असतं. पण वय ६३, मागे मुलं, सुना, नातवंडं. ती पळाली असती तर जहागीर जप्त झाली असती आणि मागच्यांची धडगत नव्हती.

सगळं सोडून एखाद्या मठात जाऊन बसणं हा दुसरा. विधवेला ते शोभलंही असतं. पण राजाने त्याच वर्षी मठ बंद करायला सुरुवात केली होती. आसराच पाडला जात होता.

तिसरा पर्याय जाहीरपणे मुलाला झिडकारण्याचा. तिने तो घेतला. रेजिनाल्डला पत्र लिहिलं: तुझ्या वडिलांच्या किंवा कुठल्या लेकराच्या मरणानेही माझ्या काळजाला इतकं लागलं नव्हतं, धन्याची सेवा कर, नाहीतर माझा आशीर्वाद विसर. थोरल्या मुलाने, लॉर्ड मॉन्टेग्यूनेही असंच खरमरीत पत्र लिहिलं. ही पत्रं मनापासूनची होती की राजाला दाखवण्यासाठी? मला वाटतं दोन्ही. राजाच्या मंत्र्यांच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रात खोटा शब्द नसतो आणि संपूर्ण खराही नसतो.

काय घडलं

१५३८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा राजा आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात नीस इथे तह झाला. दोन शत्रू मोकळे झाले की तिसऱ्यावर चालून येतील, या भीतीने इंग्लंडने दक्षिण किनाऱ्यावर बुरूज बांधायला घेतले. आणि त्याच किनाऱ्यावर कार्डिनल पोलच्या आईचा वाडा होता. आसपासच्या गावातून मंत्री टॉमस क्रॉमवेलकडे चहाड्या जात होत्या: काउंटेस आपल्या माणसांना इंग्रजी बायबल वाचू देत नाही, कार्डिनलशी निरोपांची ये-जा आहे.

धागा सापडला तो एका मामुली माणसामुळे. ह्यू हॉलंड हा धान्याची ने-आण करणारा गडी. धाकटा मुलगा जेफ्री पोल याचा निरोप त्याने फ्लँडर्सला रेजिनाल्डकडे पोचवला होता, तुला मारायला माणसं पाठवली आहेत, जपून राहा, असा. हॉलंडला पकडलं, मग ऑगस्टअखेर जेफ्रीला. दोन महिने त्याला टॉवरमध्ये नुसतं ठेवलं आणि २६ ऑक्टोबरपासून सात वेळा विचारपूस केली. मधे त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. मग तो बोलला.

काय बोलला? राजाच्या दुखऱ्या पायानेच एक दिवस त्याचा जीव जाईल, असं मॉन्टेग्यू म्हणाल्याचं. दरबारात हलकट लोक माजलेत, असं पोल मंडळींच्या गोटातला बडा सरदार, एक्सेटरचा मार्क्विस, म्हणाल्याचं. काही पत्रं जाळल्याचं. सैन्य नाही, शस्त्रं नाहीत, तारीख ठरलेली नाही. जेवणानंतरची कुरकुर. पण १५३४ च्या कायद्याने राजाविरुद्धचे शब्दसुद्धा राजद्रोह ठरत होते. मॉन्टेग्यू आणि एक्सेटर यांच्यावर सरदारांपुढे खटला चालला आणि त्या हिवाळ्यात दोघांची मुंडकी उडाली. जेफ्रीला माफी मिळाली. उरलेलं आयुष्य त्याने कसं काढलं असेल याची कल्पना करवत नाही.

नोव्हेंबरमध्ये साउथॅम्प्टनचा अर्ल विल्यम फिट्झविल्यम आणि ईलीचा बिशप गुडरिच वॉर्ब्लिंग्टनला पोचले. सकाळपासून अंधार पडेपर्यंत प्रश्न. कधी गोडीने, कधी दरडावून. मार्गारेटने प्रत्येक आरोप नाकारला. दोघांनी क्रॉमवेलला कळवलं की अशी असामी आजवर कुणाच्या वाट्याला आली नसेल, हिला बाई म्हणण्यापेक्षा खंबीर पुरुषच म्हणावं. त्याच पत्रात त्यांनी लिहिलं की एकतर मुलांनी आपल्या पोटातलं आईला सांगितलंच नाही, नाहीतर ही जगातली सर्वात अट्टल गद्दार आहे. पहिली शक्यता त्यांनाही दिसत होती, हे विसरू नये.

तिला फिट्झविल्यमच्या काउड्रे इथल्या घरी नजरकैदेत नेलं. तिथेही महिनोन्‌महिने प्रयत्न झाले. काही मिळालं नाही.

राजापुढचा निर्णय

आता पेच सरकारपुढे होता. १४४२ च्या कायद्याने सरदार स्त्रीलाही सरदारांपुढे खटला चालवून घेण्याचा हक्क होता. पण खटल्यात पुरावा मांडावा लागला असता, कबुली नव्हती, साक्ष ऐकीव होती. तिला असंच कोंडून ठेवता आलं असतं. तिच्या भावाला चौदा वर्षं ठेवलं होतं. पण जहागीर ताब्यात घ्यायची तर ती गुन्हेगार ठरायला हवी.

तिसरी वाट होती अटेंडरची. अटेंडर म्हणजे अमका माणूस राजद्रोही आहे, एवढं सांगणारा पार्लमेंटचा कायदा. त्यात न्यायाधीश नाही, उलटतपासणी नाही, बचाव नाही. बहुमत झालं की माणूस कायद्याने मेला आणि मालमत्ता राजाची झाली.

१२ मे १५३९ रोजी क्रॉमवेलने सरदारांच्या सभेत एक झगा दाखवला. तो मार्गारेटच्या पेटीत सापडला असं सांगितलं. एका बाजूला इंग्लंडच्या राजचिन्हातले सिंह, भोवती पोल घराण्याची पॅन्सीची फुलं आणि मेरीची झेंडूसारखी मॅरीगोल्ड, मधे एक झाड. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हं. अर्थ सभेला समजावून सांगावा लागला नाही. रेजिनाल्ड आणि मेरीचं लग्न, वर उत्तरेतल्या बंडाची आठवण. चौकशी होऊन सहा महिने झाले होते. इतका बोलका झगा एवढा वेळ कुठे होता, हे विचारायची तिथे कुणाची छाती नव्हती. तो झगा खरा होता की शिवून घेतलेला, यावर आजही वाद होतो. मला तो वाद थोडा बाजूचा वाटतो. खरा असता तरी घरातलं एक वस्त्र म्हणजे कट होत नाही. अटेंडरला मात्र तेवढं पुरलं.

शेवट

मार्गारेट टॉवरमध्ये आली आणि लगेच मारली गेली नाही. जवळजवळ दोन वर्षं गेली. मॉन्टेग्यूचा लहान मुलगाही तिथेच कैदेत होता. थंडीत तिच्याकडे पुरेसे कपडे नव्हते. १५४१ च्या मार्चमध्ये नवी राणी कॅथरिन हॉवर्डच्या शिंप्याकडून तिच्यासाठी केसाळ अस्तराचा झगा, परकर, सपाता असं बरंच काही शिवून आलं. उन्हाळ्यापर्यंत मारायचं ठरलेल्या माणसाला गरम कपडे कोण करतं? म्हणजे मार्चपर्यंत तरी तसं ठरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये यॉर्कशायरात पुन्हा एक बंडाचा कट उघड झाला. राजा स्वतः उत्तरेच्या दौऱ्यावर निघणार होता. मागे टॉवरमध्ये यॉर्कचं रक्त शिल्लक नको, एवढाच विचार असावा. मार्गारेटचा त्या कटाशी संबंध जोडण्याचा साधा प्रयत्नही झाला नाही. अटेंडर दोन वर्षांपूर्वीच झालेला होता, फक्त वापरायचा राहिला होता. तो मंजूर करवून घेणारा क्रॉमवेल तोवर उरला नव्हता. १५४० मध्ये त्यालाही अटेंडर करूनच, बिनखटल्याचं, मारलं होतं.

सम्राटाचा राजदूत शापुई याच्या अहवालानुसार, ती चालत मैदानात आली. मचाण बांधलेलं नव्हतं, बुटका ठोकळा होता. शहराच्या महापौरासह दीडशेक माणसं होती. तिने राजा, राणी, युवराज आणि मेरी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. नेहमीचा जल्लाद उत्तरेत गेला होता. त्याच्या जागी आलेल्या नवख्या पोराने तिच्या मानेखांद्याच्या चिंधड्या केल्या. ती धावत सुटली, अकरा घाव घालावे लागले, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ती पुष्कळ नंतरची आहे. फ्रेंच राजदूत मारियाक लिहितो की हे इतक्या कोपऱ्यात उरकलं की संध्याकाळपर्यंत लोकांना खरं वाटेना.

बातमी इटलीत पोचल्यावर रेजिनाल्ड म्हणाला, आजवर मी एका थोर बाईचा मुलगा होतो, आता एका हुतात्म्याचा मुलगा झालो. १८८६ मध्ये पोप तेरावा लिओ याने तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित केलं, तेव्हा चर्चनेही तेच म्हटलं. टॉवरमधल्या नातवाचा मागमूस १५४२ नंतर लागत नाही. त्याला कुणी धन्य म्हटलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मार्गारेटकडे बघून विचारलं तर उत्तर फार तोकडं येतं. दागिन्यांचा कागद मागितला नसता तर? राजाच्या मनातली एक अढी कमी झाली असती, एवढंच. चौकशीत मुलांवर ढकललं असतं तर? जेफ्रीने तसंच केलं आणि तो वाचला. पण जेफ्री हा वारस म्हणून कुणाच्या हिशेबात नव्हता.

रेजिनाल्डकडे बघितलं तर निर्णयाची जागा दिसते. मत मांडू नये असं मी म्हणत नाही. पण घरच्यांना बाहेर काढण्याची तजवीज न करता, राजाला व्यक्तिशः अपमानित करणारा ग्रंथ पाठवणं आणि वर सैन्य चढवण्याच्या कामगिरीवर जाणं, याची किंमत कोण मोजणार हे त्याला कळत नव्हतं असं मानणं कठीण आहे. घरून इशाराही गेलाच होता. जेफ्रीचा निरोप मात्र पुन्हा रेजिनाल्डचाच जीव वाचवण्यासाठी होता. या घरातली सगळी माया एकाच दिशेने वाहत होती.

मला सर्वात जास्त खटकतो तो १५३९ चा मे. तिने सारी तयारी 'तू काय केलंस' या प्रश्नासाठी केली होती: पत्रं, नकार, मौन, पुराव्याचा अभाव. राजाचा प्रश्न 'तू कोणाची कोण' हा होता, आणि त्याचं उत्तर तिच्या जन्मापासून ठरलेलं होतं. सभागृहातल्या सरदारांना निदान तिला पुढ्यात बोलावून ऐकून घ्या असं म्हणता आलं असतं. एकानेही म्हटलं नाही. पुढच्याच वर्षी क्रॉमवेलबाबतही कुणी म्हटलं नाही.

मार्गारेटने क्राइस्टचर्चच्या मठात स्वतःच्या दफनासाठी फ्रान्समधल्या कां (Caen) या गावच्या पिवळसर दगडात एक नाजूक कोरीव छोटं चॅपल बांधून ठेवलं होतं. मठ बंद करायला गेलेल्या अधिकाऱ्यांनी डिसेंबर १५३९ मध्ये क्रॉमवेलला कळवलं की 'रेजिनाल्ड पोलच्या दिवंगत आईने' स्वतःसाठी बांधलेलं थडगं इथे आहे, त्यावरची सगळी घराण्याची चिन्हं आम्ही छिन्नीने उडवून टाकली आहेत. ती दिवंगत आई तेव्हा टॉवरमध्ये जिवंत होती, आणखी दीड वर्ष. ते चॅपल आजही तिथे आहे, घासून काढलेल्या ढालींसकट. आत कोणी नाही. मार्गारेटला टॉवरच्या आवारातच पुरलं.